पडवीतला भारा

दादा गुरुवारी गेला. डहाणू रोडला पार्सल देऊन तो मोटरसायकलवर घरी येत होता. हायवेवर ट्रकची धडक बसली. शुक्रवारी दुपारी त्याला दवाखान्यातून आणलं आणि अंधार पडायच्या आत नेलं.

तिरडीचे बांबू बाबांनी काढले. पडवीतल्या भाऱ्यातून काढले.

मी तिथेच उभी होते. पाड्यातल्या माणसांनी रीतीप्रमाणे ओढ्याकाठच्या बेटातून दोन ओले बांबू तोडून आणले होते आणि अंगणात ठेवले होते. बाबा तोवर पडवीत खांबाला टेकून बसले होते. ते उठले, अंगणात गेले, उकिडवे बसले आणि एका बांबूवरून बुडापासून शेंड्यापर्यंत हात फिरवला. मग दुसऱ्यावरून फिरवला. काम घेण्याआधी ते नेहमी फिरवतात तसाच. म्हणाले, “वाकडे आहेत.” ते पडवीत आले, भाऱ्यातले दोन बांबू त्यांनी ओढून काढले, एक डोळा मिटून त्यांची रेघ पाहिली आणि अंगणात नेऊन ठेवले. ओले बांबू कुणीतरी उचलून कुंपणाकडे टाकले.

बापाला त्या वेळी कोण काय सांगणार? मला तर सांगण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. मी पाचवीपासून आश्रमशाळेत राहिले, पुढे वसतिगृहात, पुढे डहाणूत. घरातल्या कामाच्या रीती घरात राहणाऱ्यांना कळतात. मला पुस्तकं कळत गेली.

आमचं घर तलासरीच्या नाक्यावरून आत, पाड्याच्या टोकाला. बाबा आयुष्यभर सुपं, टोपल्या, भाताच्या कणग्या विणत आले. झाईच्या कोळणी सुकटीसाठी मोठ्या टोपल्या न्यायला त्यांच्याकडे यायच्या आणि घासाघीस करताना त्यांना गुजरातीत चिडवायच्या. बाबा मान वर न करता मराठीत उत्तर द्यायचे. दादा त्यांच्याजवळच शिकला, पण त्याचा हात वेगळा होता. बाबांची टोपली ओझं उचलण्यासाठी असायची. दादा बांबू चिरून बारीक कामट्या काढायचा, इतक्या बारीक की उजेडासमोर धरल्या तर त्यांच्यातून बोटाची सावली दिसायची.

डहाणूच्या वाचनालयात मी कामाला लागले तेव्हा त्याने मला कागद टाकायला एक टोपली करून दिली. ती माझ्या टेबलाखाली असायची. चिकूच्या वाडीत सुट्टीला आलेल्या एक बाई एकदा पाऊस थांबेपर्यंत वाचनालयात येऊन बसल्या. त्यांनी वर्तमानपत्र चाळलं, मग वाकून ती टोपली उचलली, त्यातले कागद माझ्या टेबलावर काढून ठेवले आणि टोपली उलटी करून तिचं बूड बघत राहिल्या. मुंबईत त्यांचं दुकान होतं. हाताने केलेल्या, मातीला आणि करणाऱ्याला न लुबाडणाऱ्या घरगुती वस्तू त्या विकायच्या. असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला ते जरा पुस्तकी वाटलं. पण बाई बोलल्याप्रमाणे वागणाऱ्या निघाल्या. भाव त्या दादाला विचारायच्या, स्वतः सांगायच्या नाहीत. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो.

तेव्हापासून दादा दिव्यांच्या शेड, ट्रे, फळांच्या टोपल्या आणि दिवाळीला आकाशकंदील करू लागला. वहिनी आणि पाड्यातल्या दोघीतिघी त्याच्याबरोबर विणायला बसायच्या. माझं काम डहाणूतून चालायचं. मॅडमशी बोलणं, फोटो पाठवणं आणि प्रत्येक वस्तूला बांधायच्या टॅगवरचा मजकूर लिहिणं. बांबू कुठला, कधी तोडला, कुणी विणला, हे मी मराठीत आणि इंग्रजीत लिहायचे. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: बांबू तोडला तरी बेट जिवंत राहतं. दादा म्हणायचा, “तू एवढं लिहितेस, लोक टॅग ठेवतील आणि टोपली फेकतील.”

त्या वर्षीच्या कंदिलांसाठी लागणारा बांबू त्याने थंडीतच, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला होता. चांदण्याच्या दिवसांत तोडलेल्या बांबूला कीड लागते असं आमच्याकडे मानतात, आणि लागतेही. मग तो ओढ्यात भिजवला, सावलीत वाळवला, चुलीच्या धुरावर धरला आणि पावसाआधी पडवीत आणून ठेवला. पडवीच्या दोन्ही बाजूंना झड लागते, म्हणून भारा नेहमी दारासमोर आडवा ठेवायची पद्धत. समोरच्या दाराने आत येताना पाय जरा उचलून भारा ओलांडावा लागायचा. लहानपणी भाऱ्यावर पाय पडला तर ओरडा बसायचा, ओलांडला तर काही नाही.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मला परत जायचं होतं.

हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. मला माझी डहाणूतली, मसोलीतली खोली हवी होती, तिची छोटी खिडकी, स्टोव्ह, भिंतीला लावलेली पुस्तकं. सकाळी वाचनालय उघडून गुजराती आणि मराठी वर्तमानपत्रं वेगवेगळ्या टेबलांवर लावायची आणि मग कुणी येईपर्यंत शांत बसायचं, हे मला हवं होतं. दादाच्या घरात दादा नसताना मला श्वास घेता येत नव्हता. ग्रंथपाल सरांचा फोन आला. ते भले गृहस्थ. म्हणाले, “दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही.”

वहिनीला मी सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं नाही.

“जा ना. तुला कोणी बांधून ठेवलंय?” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “कंदील तेवढे होऊ देत. मॅडमचा फोन आला तर मी काय बोलू त्यांच्याशी? मी बोलले तर त्यांना वाटेल भांडते.”

मला हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी हसू आलं होतं, म्हणून ती पण जराशी हसली. असं ठरलं. कंदील होईपर्यंत मी राहायचं. ते गेले की वहिनीचं आणि बायकांचं काम पुन्हा सुरळीत चालेल, मॅडमना वहिनीच्या बोलण्याची सवय होईल, आणि मी डहाणूला जाईन. बांबू तयार होता. विणणारे हात होते.

पण काम सुरू होईना.

आधी मला वाटलं, दुःख आहे. कोयता हातात घेतला की त्याची आठवण येत असेल. मी काही विचारलं नाही. पाऊस लागून होता. भाताची लावणी झाली, वहिनी शेतावर जायची, यायची. बाबा सकाळपासून पडवीत खांबाला टेकून बसायचे. भारा त्यांच्यासमोर. पाड्यातल्या बायका कधीमधी यायच्या, चुलीपाशी बसून जायच्या. कामट्या कधी काढायच्या हे कुणी विचारत नव्हतं. झाईहून एक कोळीण टोपल्या घ्यायला आली, तिला बाबांनी, “यंदा नाही,” एवढंच सांगितलं. तीही न चिडवता गेली.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की घरातली सगळी मागच्या दाराने ये-जा करतात. शेतावरून आलेली वहिनी चिखलातून घराला वळसा घालून मागून यायची. शेजारणी मागून यायच्या. बाबाही सकाळी मागच्या दाराने बाहेर पडायचे, भिंतीच्या कडेने पुढे येऊन पडवीत बसायचे. समोरचं दार उघडं होतं. त्यातून उजेड यायचा, कोंबड्या यायच्या, माणूस येत नव्हतं. गंमत म्हणजे मीसुद्धा मागूनच जाऊ लागले होते आणि मला ते कळलं नव्हतं.

फोनला रेंज आमच्याकडे पडवीच्या उजव्या खांबापाशीच येते. फोन वाजला की मी आतून उठायचे, मागच्या दाराने बाहेर पडायचे, पावसातून धावत पुढे यायचे आणि तोवर फोन बंद झालेला असायचा.

शेजारच्या मावशीने एकदा मला असं धावताना पाहिलं. ती आमच्या आईची मैत्रीण, तिच्या तोंडाला कसली आडकाठी नाही.

“तुमच्या पडवीत नाग निजलाय का गं?” तिने विचारलं. “सगळी चोरांसारखी मागनं पळता ती?”

मी म्हटलं, “मावशी, तुम्हीपण मागूनच येता.”

“मला काय मरायचंय पुढनं यायला?” ती म्हणाली. मग तिने बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. तिने माझा हात धरला आणि मला गोठ्याच्या बाजूला नेलं. तिथे तिने मला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे, आणि मला माहीत नाही हे बघून ती जरा घाबरली.

एका दिवशी तोडलेले, एकत्र भिजवलेले, एकत्र वाळवलेले बांबू म्हणजे एक भारा. त्यातले दोन माणसाबरोबर गेले की बाकीचे मागे राहिले तरी ते त्याचेच. त्यांचं सूप करत नाहीत, टोपली करत नाहीत, ज्यात धान्य ठेवायचं किंवा दिवा लावायचा असं काही करत नाहीत. ते ओलांडतही नाहीत. म्हणूनच तिरडीला बेटातला ओला बांबू आणतात. विणणाऱ्याच्या घरच्या भाऱ्याला कुणी हात लावत नाही.

“आणि हे तुझ्या बापाने आम्हाला शिकवलंय,” मावशी म्हणाली. “तुझी आई गेली तेव्हा माझा भाऊ चुकून भाऱ्याकडे वळला, तर केवढ्याने ओरडला होता त्याच्यावर.”

“मग त्यांनीच कसं…”

“ते त्याला विचार.”

विचारणार कोण? तेच तर होतं. भारा वापरता येत नाही असं म्हणायचं म्हणजे बाबांना सांगायचं, की तुम्ही तुमच्या मुलाला नेताना चूक केली. वहिनी ते म्हणणार नव्हती. बायका म्हणणार नव्हत्या. बाबा स्वतः म्हणणार नव्हते. आणि कुणी म्हणत नव्हतं म्हणून दुसरा बांबूही आणता येत नव्हता, कारण पडवीत बांबू असताना दुसरा कशाला, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणता आलाही नसता. पावसात बेटाला कोंब येतात, तेव्हा तिरडीचे दोन सोडले तर कोयता लावत नाहीत. दिवाळीनंतरचा अंधारा पंधरवडा येईपर्यंत बेट बंद.

असे आम्ही तिघं त्या घरात, एकेकाला आपापल्या जागी खिळवल्यासारखे. बाबा खांबापाशी, वहिनी चुलीपाशी, मी मागच्या दारात.

मी शिकलेली. मला वाटलं मी यातून वाट काढीन. एका दुपारी वहिनीबरोबर मी धुणं पिळत होते. मी हळूच म्हटलं, “वहिनी, आपल्या घरात नाही ठेवायचं, हे कळलं. पण कंदील आपल्या घरात राहणारच नाहीत. मुंबईत जाणार. तिथे कुणाला काय माहीत?”

तिने चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. ती पिळत राहिली.

“तू टॅगवर लिहितेस ना बांबू कुठला ते?”

“हो.”

“मग हे लिही. आणि पाठव.”

मी त्या संध्याकाळी खरंच कागद घेऊन बसले. बांबू ओढ्याकाठच्या बेटातला. थंडीत तोडलेला. तोडणारा... पुढे पेन जाईना. जे लिहायला हवं होतं ते सोडून लिहिलं तर बाकीचं सगळं खोटं होत होतं, बेट जिवंत राहतं हेसुद्धा. मी कागद चुलीत टाकला.

भारा चुलीत टाकता येत नव्हता. बांबू आमच्याकडे चुलीत जाळत नाहीत, कुठलाच, कधीच. ओढ्यात सोडावा तर ओढा खाली कुणाकुणाच्या शेतातून जातो. मावशीने एक तोड काढली होती. “वाडीवाल्याला देऊन टाक. मिरचीच्या रोपांना टेकू लावील. त्याला कुठे कळतंय?”

वहिनी म्हणाली, “त्याच्याकडे पण माणसं जेवतात.”

“मग पूज घरात बसवून,” मावशी म्हणाली आणि उठून गेली. मागच्या दाराने.

मॅडमचे फोन येत राहिले. मी खांबापाशी उभी राहून इंग्रजीत बोलायचे. पाऊस थांबत नाही, बांबू सुकत नाही, बायका लावणीला गेल्या आहेत, असं काहीबाही. इंग्रजीत अशासाठी की बाबा दोन हात अंतरावर बसलेले असायचे. ते डोळे मिटून असायचे, पण बांबू हा शब्द आला की त्यांच्या पापण्या हलायच्या. तो शब्द इंग्रजीतही तोच आहे, त्याला मी काय करणार? मी नंतर नंतर ‘मटेरियल’ म्हणू लागले.

गणपती गेले. नवरात्र जवळ आलं. सरांनी एकदा आठवण केली. मी म्हटलं, येते. वाचनालयाची जाळीची खिडकी, तिच्यातून दिसणारं नारळाचं झाड मला डोळ्यांसमोर दिसायचं आणि मग मागच्या दाराशी साचलेलं पाणी दिसायचं.

आणि मग तो फोन आला. दिवस उघडा होता, बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. मी वळसा घालून पुढे आले तरी फोन वाजतच होता.

“कंदील कुठवर आले?” मॅडमनी विचारलं. मी इंग्रजीत सुरुवात केली. आवाज तुटत होता. त्या म्हणाल्या, “थांब, थांब. मला काही कळत नाहीये. मराठीत सांग ना, तू मराठीत किती नीट सांगतेस.”

एवढं साधं वाक्य. पण मी इतके दिवस दुसऱ्या भाषेत जे लपवत होते ते आता त्याच भाषेत लपवायला मला शब्दच सापडेनात. मी भाऱ्याकडे पाहिलं आणि बोलले.

“मॅडम, बांबू आहे. पण तो वापरता येत नाही. दादाच्या तिरडीला त्यातले दोन गेले. मग त्या भाऱ्याचं घरात वापरायचं काही करत नाहीत आमच्याकडे.”

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला मान वळवताच येत नव्हती.

“म्हणजे हे त्याने तोडलेले शेवटचे बांबू?” मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खरा होता.

“हो.”

“अगं, मग हे लोकांपर्यंत गेलं पाहिजे. टॅगवर दोन ओळी लिही, तू लिहितेस तशा. जे घेतील ते जन्मभर जपतील. त्याचं नाव राहील.”

मी त्यांच्यावर रागावले नाही, आजही नाही. त्यांच्याकडे दुःख असंच ठेवत असतील, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. मी म्हटलं, “नाही, मॅडम. सांगितलं तर आम्ही त्याचं जाणं विकलं असं होईल. न सांगता पाठवलं तर लोक सणाच्या दिवशी ते दारात टांगतील. दोन्ही आमच्याकडून होणार नाही.”

मॅडम म्हणाल्या, “बरं. या दिवाळीचं मी दुसरीकडून करून घेते. माझा राग नाही हं. थंडीत पुन्हा बोलू.”

फोन ठेवला. अंगणात ऊन होतं आणि कोंबड्या माती उकरत होत्या. आता दिवाळीला कंदील नाहीत, काम थंडीत नवा बांबू आल्यावरच सुरू होणार आणि वाचनालयातली जागा तर दिवाळीपर्यंतच, म्हणजे माझं जाणंही नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, पण ते तेव्हा मोठं वाटलं नाही. माझ्या मागे बाबा होते.

“सरळ होते म्हणून काढले,” ते म्हणाले.

मी वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. भाऱ्याकडे बघत होते.

“त्याला वाकडं चालायचं नाही,” ते म्हणाले. “जरा तिरकी कामटी निघाली तर फेकून द्यायचा. मी वेचून घ्यायचो मागनं आणि टोपलीत घालायचो. तर म्हणायचा, बाबा, तुमच्या टोपल्या म्हाताऱ्या दिसतात.”

मी खाली बसले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तेव्हाही माहीत होतं.”

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. पाण्याची कळशी घेऊन वहिनी घराला वळसा घालत होती, ती आम्हाला पाहून कोपऱ्यावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि कळशी खाली ठेवली.

“ये गं,” बाबा तिला म्हणाले. “हे बाजूला घेऊ.”

त्यांनी बुडाकडून धरलं, आम्ही दोघींनी शेंड्याकडून. थोडे थोडे करून ते बांबू आम्ही पडवीच्या टोकाला, बाजूच्या भिंतीला नेले. बाबा प्रत्येक वेळी वाकायचे तेव्हा त्यांच्या गुडघ्याचा आवाज यायचा. भारा उचलल्यावर खाली जमिनीवर लांब काळपट पट्टा दिसला, तिथे सारवण पावसाळ्यात पोचलं नव्हतं. वहिनीने लगेच शेण आणलं आणि तो पट्टा सारवून टाकला. सारवण सुकेपर्यंत आम्ही बाहेर अंगणात थांबलो. मग बाबा समोरच्या दाराने आत गेले. सवयीने त्यांनी पाय उचलला, जिथे ओलांडायला आता काही नव्हतं.

दिवाळी आली. आम्ही दारात कंदील लावला नाही, त्या वर्षी लावत नाहीतच. वहिनीने तुळशीपाशी एक पणती लावली. मॅडमच्या दुकानात कंदील दुसरीकडचे लागले असतील. सरांचा फोन दिवाळीनंतर आला. त्यांना ते सांगायला फार अवघड जात होतं, म्हणून मीच म्हटलं, “कुणीतरी मिळालं का सर?” ते म्हणाले, “हो. डहाणूतलीच मुलगी आहे. तुझ्यासारखी नाही.” मी म्हटलं, “होईल.”

मग अंधारा पंधरवडा आला आणि बेट उघडलं. दादा एकटा बांबू तोडायचा. वहिनीला एकटीला ते होईना. एकाने कोयता चालवायचा आणि दुसऱ्याने बांबू बेटात अडकू नये म्हणून शेंडा ओढून धरायचा, असं एरवी ते दोघांचं काम आहे. बाबा काठावर दगडावर बसून सांगायचे, हा नको, कोवळा आहे, त्याच्या मागचा घ्या. मी शेंडा धरायचे. बांबूवरची काट्यांसारखी बारीक कूस हाताला लागून हात खाजत राहायचे. वहिनी म्हणायची, “असं पुस्तकासारखं नको धरू, झाडासारखं धर.”

पहिली दिव्याची शेड मी विणली तेव्हा तिने ती खिडकीत धरून पाहिली आणि विचारलं, “ही शेड आहे का घुबडाचं घरटं?” बाबा हसले. ती शेड त्यांनी उसवली आणि त्याच कामट्यांची मला पुन्हा विणायला लावली. अजूनही माझ्या कामट्या एकसारख्या निघत नाहीत. तिरक्या निघतात त्या बाबा वेचून घेतात आणि टोपलीत घालतात. फेकून देणारं आता कुणी नाही.

मसोलीची खोली सोडायला मी एकदाच गेले. घरमालकीण गुजराती. तिने पुस्तकं बांधायला सुतळी दिली आणि निघताना “आवजो” म्हणाली. त्यांच्याकडे निघणाऱ्याला असंच म्हणतात, पुन्हा ये. पुस्तकं एस.टी.च्या टपावर घालून आणली. घरात ओल असते, म्हणून ती कणगीत ठेवली आहेत, बाबांनी फार पूर्वी विणलेल्या, आता कणगी भरेल एवढं भात पिकत नाही म्हणून रिकाम्या झालेल्या. एखादं हवं असलं तर हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो.

हिवाळ्यात मॅडमनी पुन्हा ऑर्डर दिली, थोडी लहान. दादाच्या हातांचा एक फोटो आधीच्या टॅगवर असायचा. त्यांनी नवा मागितला. मी वहिनीच्या हातांचा पाठवला. मजकूर मीच लिहिते. बांबू कुठला, कधी तोडला, कुणी विणला. तोडला तरी बेट जिवंत राहतं, हे वाक्य मी आता घालत नाही. ते खोटं नाही. ओढ्याकाठी जाऊन पाहिलं तर दिसतं.

भारा पडवीच्या टोकाला भिंतीशी आहे. तो वापरता येत नाही, देता येत नाही, जाळता येत नाही. समोरच्या दाराने आम्ही ये-जा करतो. बाबा खांबापाशी बसतात. वहिनी कामट्या काढते. मी इथे राहते.